दोन खुणांचं पाणी

१

पाटाचं पाणी लाल झालं तेव्हा मी हसलो होतो. आज ते आठवलं की मला माझीच शिसारी येते.

मंगळवार होता. सकाळी सातपासून मी पाटाच्या तोंडाशी बसलो होतो. आमचा फलज, म्हणजे भुयारी पाट, डोंगरातल्या आईविहिरीतून निघतो, जमिनीखालून, साफसफाईसाठी खणलेल्या विवरांच्या तळातून, गावापर्यंत चालत येतो आणि इथे पहिल्यांदा ऊन बघतो. बाया इथेच प्यायचं पाणी भरतात. बाजूला सावलीची काठी रोवलेली आहे आणि तिच्यासमोर दगडात खुणा कोरल्या आहेत. एक खूण म्हणजे अर्धा तास, पहिली खूण सकाळी आठची. कुणाच्या बागेला किती पाणी, ते आजही या काठीवर ठरतं. घड्याळं सगळ्यांकडे आहेत, पण पाण्याच्या बाबतीत सिमरा गाव घड्याळावर विश्वास ठेवत नाही.

मला तिथे बसवलं होतं नबहानने. नबहान बिन सैफ आमचा अरीफ, म्हणजे पाण्याच्या पाळ्या राखणारा. फलजासाठी दान दिलेल्या खजूरबागेच्या, म्हणजे वक्फाच्या, तीन विश्वस्तांपैकी एक. मी खलफान, निवृत्त शाळामास्तर आणि त्या वक्फाचा चिटणीस. सोमवारी संध्याकाळी तो म्हणाला, "उस्ताद, उद्या सातला काठीपाशी बस. पाणी लाल झालं की सावली कुठल्या खुणेवर आहे ते लिहून ठेव."

"लाल? का?"

"मी वर सातव्या विवरातून लाल माती टाकणार आहे."

"किती वाजता?"

"ते तुला सांगितलं तर तू कुणाला तरी खूश करायला आकडा बदलशील. तुझा कणा मला माहीत आहे, ओल्या खजुराचा आहे." आणि तो खो-खो हसला. "का ते गुरुवारी सभेत कळेल."

वाईट वाटलं नाही. खरं बोलणाऱ्यावर काय रागवायचं?

तर पाणी लाल झालं. सावली नेमकी पाचव्या खुणेवर होती, म्हणजे दहा. मी हसून वहीत लिहिलं आणि हांडा घेऊन आलेल्या म्हातारीला म्हटलं, "घाबरू नकोस आजी, आपल्या नबहानचा पोरकटपणा आहे."

अकरा वाजता माझा जावई हमूद डोंगराच्या वाटेने गाडी उधळत आला. त्याचे हात कोपरापर्यंत रक्ताने माखले होते. "अरीफ सातव्या विवरात पडलाय," तो म्हणाला. "मी खाली उतरून बघितलं. संपलाय."

मी पाटाकडे पाहिलं. पाणी पुन्हा निवळलं होतं. त्या लाल पाण्यात सगळी मातीच होती का, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

२

डोक्याच्या मागे जखम होती आणि विवराच्या काठावर पाय घसरल्याची खूण नव्हती. फौजदार म्हणाले, ढकललंय. देह थंड पाण्यात पडून होता, त्यामुळे मरणाची वेळ डॉक्टरांना सांगता येईना.

वेळ मी सांगितली. वही पुढे केली आणि शहाण्यासारखा बोललो, "दहाला पाणी लाल झालं साहेब. माती नबहानने स्वतः टाकली. म्हणजे टाकली तेव्हा तो जिवंत होता."

"विवरापासून गावापर्यंत पाण्याला किती वेळ लागतो?" फौजदारांनी विचारलं.

शेख मुहन्ना बाजूलाच उभे होते. वक्फाचे प्रमुख विश्वस्त, गावाचा आधार. मला शाळेत चिकटवलं त्यांनी, माझ्या लेकीच्या, शम्साच्या लग्नात मांडव उभा राहिला तो त्यांच्या अंगणात. माझी वही त्यांनी बराच वेळ न्याहाळली, मग शांतपणे म्हणाले, "दोन खुणा. एक तास. माझ्या आजोबांच्या आजोबांपासून."

हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. सातव्या विवरात पान टाका, दोन खुणांत गावात हजर.

म्हणजे नबहान नऊ वाजता जिवंत होता, आणि मातीची रिकामी पिशवी त्याच्या मुठीतच सापडली, म्हणजे त्यानंतर लगेच मेला. साडेआठ ते साडेनऊ अख्खं गाव चौकात होतं, वक्फाच्या खजुरांचा लिलाव चालू होता. लिलाव शेख पुकारत होते. याकूब व्यापारी, तिसरा विश्वस्त, पहिल्या रांगेत बोली लावत होता. नव्हता तो एकच. हमूद. पाट साफ करणारा मजूर; पावणेनऊला त्याची गाडी डोंगराकडे जाताना चौघांनी पाहिली. सोमवारीच नबहानने गाळ राहिला म्हणून त्याला सगळ्यांदेखत झापलं होतं आणि हमूदने फावडं आपटलं होतं.

"मी नवव्या विवरात गाळ काढत होतो," हमूद सांगत राहिला. "साडेदहाला खाली आलो तेव्हा तो दिसला."

संध्याकाळच्या आत त्याला नेलं. शम्सा माझ्या दारात आली तेव्हा तिच्या कडेवर लेक होती, लेकीच्या दंडावर इंजेक्शनची पट्टी. ती रडली नाही, तेच जास्त भयंकर होतं.

"बाबा, तुम्हीच वेळ सांगितलीत ना?"

"खरी होती ती, पोरी."

"तुमच्या खऱ्यावर तो फासावर जाईल. मग ते खरं उराशी धरून झोपा."

ती गेली आणि मी दाराला कडी घातली. आयुष्यात पहिल्यांदा, दिवसाउजेडी. हमूद मुंगीसुद्धा चिरडणार नाही हे मला माहीत होतं. म्हणजे ज्याने हे केलं तो मोकळा होता, आणि बहुतेक उद्या मला सलाम करणार होता.

३

बुधवारी मस्कतहून रय्या बिंत सऊद आली. वक्फांच्या कचेरीतली बाई, पस्तिशीची, धुळीने भरलेली गाडी स्वतः चालवत. तिचं काम आमच्या गावाला चमत्कारिक वाटलं: संस्था ज्या कामासाठी जन्मली, तिचा पैसा त्याच कामाच्या मुळावर उठलाय का, ते बघायचं. गुरुवारच्या सभेला तिला नबहाननेच पत्र लिहून बोलावलं होतं.

"आणि आता बोलावणारा नाही," ती म्हणाली. "उस्ताद, वक्फाचा दस्त वाचून दाखवा. फक्त अट."

मला ती तोंडपाठ होती. "या झाडांचं उत्पन्न फलजाच्या दुरुस्तीला लागावं, आणि फलजाला तहान लागेल असं काही यातून कधी होऊ नये."

"आणि तुमची शिल्लक कुठे आहे?"

मी मान खाली घातली. आठ वर्षांपूर्वी सरकारी रस्ता वक्फाच्या जमिनीतून गेला, मोठी भरपाई मिळाली. ती शेखसाहेबांच्या सल्ल्याने वरच्या माळावरच्या चारा पिकवणाऱ्या कंपनीत गुंतवली. नबहान एकटा विरोधात होता. कंपनीचा नफा दरवर्षी आला, त्यातून आम्ही पाट लिंपला, विवरांचे काठ बांधले, चौकात हलवा वाटला. त्याच वर्षांत कंपनीने आईविहिरीच्या वरच्या अंगाला खोल कूपनलिका मारल्या. पाटातलं पाणी गुडघ्यावरून घोट्यावर आलं. शेख म्हणायचे पाऊस कमी झाला, आणि शेख म्हणाले की आम्हीही म्हणायचो.

"एका हाताने पाट लिंपायचा," रय्या म्हणाली, "आणि दुसऱ्या हाताने त्याचंच पाणी उपसायचं. सभेत नबहान काय मागणार होता, गावाला माहीत होतं?"

"पैसे काढून घ्या म्हणणार, आणखी काय? आणि शेखसाहेबांना सगळ्यांसमोर चूक कबूल करावी लागणार, अशी कुजबुज होती."

ते तिने वहीत उतरवून घेतलं.

आधी आम्ही याकूबकडे गेलो. मला तर तोच वाटत होता. त्याचा मोठा मुलगा त्या कंपनीत व्यवस्थापक आहे, पैसे निघाले तर मुलाची खुर्ची डळमळणार. याकूब दुकानात पोत्यांवर बसला होता आणि मेलेल्या माणसापेक्षा जास्त दुःखात दिसत होता.

"मंगळवारी सकाळी कुठे होतात?" रय्याने विचारलं.

"सातपासून साडेआठपर्यंत इथेच. तांदळाचा ट्रक आला होता. ड्रायव्हरला विचारा, हमालाला विचारा, दोघांनीही माझी दोन पोती फोडली आहेत! नंतर लिलावाला गेलो, तिथेही बुडालो. बाई, तुम्ही सरकारी आहात, माझं गाऱ्हाणं लिहून घ्या."

"सांगा."

"टोकाच्या खसाब जातीच्या झाडाची खजूर मी घेतली. शेखसाहेबांनी पुकारलं, नऊ घड. मी नऊ घडांची बोली लावली. संध्याकाळी जाऊन बघतो तर झाडावर सात! दोन खाली पडलेले, मुंग्या लागलेले. शेजारचा माळी म्हणतो सोमवारच्या वादळी वाऱ्यातच मोडले. आता शेखसाहेबांना कोण बोलणार? बोललो तर म्हणतील, याकूब दोन घडांसाठी रडतो."

"रडतोच आहेस की," मी म्हणालो.

"तू गप रे उंटावरच्या शहाण्या!"

रय्या हसली नाही. तिने विचारलं, "घड मोजतं कोण?"

"प्रमुख विश्वस्त," मी सांगितलं. "लिलावाच्या दिवशी सकाळी. एकट्याने बागेत फिरायचं, प्रत्येक झाडाचे घड मोजायचे आणि तोच आकडा पुकारायचा. त्याचा शब्द म्हणजे हमी. तीस वर्षांत शेखसाहेबांचा एक घड चुकला नाही."

बोलता बोलता माझी जीभ जड झाली. का ते कळलं नाही. किंवा कळलं, आणि मी कळून घेतलं नाही.

४

शेखसाहेबांनी आम्हाला बैठकीत बसवलं, स्वतः कॉफी ओतली. त्यांचा हात जरासुद्धा हलत नव्हता.

"लिलावाआधी कुठे होतात, शेख?" रय्याने सरळ विचारलं. मला वाटलं छत कोसळेल.

"साडेसातपासून वक्फाच्या बागेत. घड मोजत होतो. एकटाच, रिवाजच तसा आहे. पण पोरी, नबहान नऊ वाजता जिवंत होता ना? नऊ वाजता मी दोनशे माणसांसमोर उभा होतो."

"हो, ते आहेच," ती म्हणाली. "हमूदचं काय होईल असं वाटतं?"

"कायद्याचं काम कायदा करेल. त्याच्या बायकापोरांना मी उपाशी राहू देणार नाही." मग त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "खलफान, तू आमचाच आहेस."

असे शब्द ऐकून एरवी माझा ऊर भरून यायचा. त्या दिवशी मी कॉफी न संपवता उठलो.

बाहेर गाडीत बसल्यावर रय्याने काचा वर केल्या. "उस्ताद, एक सांगा. पाण्याला दोन खुणा लागतात हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे?"

"सगळ्यांना."

"जे सगळ्यांना ठाऊक आहे, ते मोजायला नबहानने तुम्हाला तीन तास उन्हात का बसवलं?"

"त्याच्या खोड्या असायच्याच," मी म्हणालो.

"सुरुवातीची वेळ तुमच्यापासून लपवली. म्हणजे त्याला वेळच मोजायची होती, आणि ती कुणी फिरवू नये अशी मोजायची होती. घोट्याएवढं पाणी गुडघ्याएवढ्या पाण्याच्या वेगाने चालेल का? दोन खुणा तुमच्या आजोबांच्या पाण्याच्या होत्या."

"मग आता किती?"

"ते उद्या कळेल. तुम्ही वर जाऊन आठच्या ठोक्याला माती टाका. मी आणि फौजदार खाली काठीपाशी बसतो. दोन खुणांनी लाल झालं, तर हमूदला मी वाचवू शकत नाही."

"मी? एकटा? वर?"

"तुम्ही त्याचे सासरे आहात," ती म्हणाली.

५

गुरुवारी पावणेआठला मी सातव्या विवरापाशी उभा होतो. हातात लाल मातीची पिशवी. सभोवती काळे दगड, सावलीला एक झुडूप नाही, माणसाचा आवाज नाही. विवरातून पाण्याचा बारीक खळखळाट येत होता. काठावर एक तपकिरी डाग होता, त्यावर पाय पडू नये म्हणून मी अवघडून उभा होतो आणि कुराणातली आयत-उल-कुर्सी म्हणत होतो. दर वेळी मधलीच ओळ विसरत होतो.

आठला पाच कमी असताना मागे गाडीचं दार वाजलं.

मी वळलो नाही. दगडांवर चपला वाजत आल्या आणि अगदी माझ्यामागे थांबल्या.

"सलाम अलैकुम, खलफान."

"व... वालेकुम सलाम, शेखसाहेब."

"फार वाकू नकोस. तोल जाईल."

त्यांचा हात माझ्या खांद्यावर आला. जड, कोरडा, ओळखीचा हात. याच हाताने मला पहिल्या पगाराच्या दिवशी शाबासकी दिली होती. पिशवीतून माती सांडायला लागली. समोर विवर होतं, चार पुरुष खोल.

"काय टाकतोयस?"

"माती."

"कुणी सांगितलं?"

खोटं बोलावं असं फार वाटलं. आयुष्यभर त्यांना आवडेल तेच बोललो होतो. पण डोळ्यांसमोर नातीच्या दंडावरची ती पट्टी आली.

"त्या बाईने. खाली ती बसली आहे, फौजदार बसले आहेत. आणि... आणि अख्खं गाव बसलंय, शेखसाहेब. मी इथे आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे."

गावाचं ते मी जोडलं. देव मला माफ करो.

खांद्यावरचा हात तसाच राहिला. किती वेळ, माहीत नाही. माझं घड्याळ आठ दाखवत होतं. मी डोळे मिटले आणि पिशवी उलटी केली. खाली माती पाण्यावर पडल्याचा आवाज आला.

हात उचलला गेला.

"परतताना सावकाश चालव," शेख म्हणाले. "रस्ता वाईट आहे."

त्यांची गाडी दिसेनाशी होईपर्यंत मी तिथेच दगडावर बसून राहिलो. मग गाडी इतकी सावकाश चालवली की एक गाढव माझ्यापुढे निघून गेलं.

गावात पोचलो तेव्हा सव्वानऊ वाजून गेले होते. रय्या, फौजदार आणि निम्मं गाव काठीभोवती उभं होतं. तिसरी खूण मागे पडली होती. दोन खुणा कधीच संपल्या होत्या. पाणी स्वच्छ होतं.

चौथी खूण गेली. याकूबने घशातल्या घशात काहीतरी पुटपुटलं. शम्सा लेकीला घेऊन पाटाच्या काठावर उकिडवी बसली होती आणि पाण्यावरून नजर हलवत नव्हती.

सावली पाचव्या खुणेला टेकली, आणि पाटाच्या काळ्या तोंडातून लाल धागा बाहेर आला. मग दुसरा. मग सगळं पाणी.

ती हांडेवाली म्हातारी ओरडली, "चार खुणा! अरे, आपला फलज म्हातारा झाला रे!"

६

अस्रच्या, म्हणजे दुपार ढळल्यावरच्या नमाजानंतर ठरल्याप्रमाणे सभा भरली. शेख मुहन्ना आपल्या नेहमीच्या जागी येऊन बसले. फेटा नीट, दाढी विंचरलेली. ते येणारच नाहीत असं ज्यांना वाटलं त्यांना शेख मुहन्ना कळलेच नव्हते. फौजदार दाराशी उभे राहिले. पुरुषांच्या बैठकीत एक बाई बोलणार म्हणून दोघातिघांनी नाकं मुरडली, पण उठून कोणी गेलं नाही.

रय्या म्हणाली, "मंगळवारी पाणी दहाला लाल झालं. आज आपण सगळ्यांनी बघितलं, चार खुणा लागतात, दोन तास. म्हणजे नबहानने माती आठला टाकली, आणि रिकामी पिशवी हातात असतानाच मेला. आठच्या सुमारास हमूद आरोग्यकेंद्रात होता, लेकीला इंजेक्शन द्यायला. आठला दहा कमी ते आठ वीस. तिथल्या परिचारिकेने वहीत लिहिलंय, मी दुपारी पाहून आले. याकूब त्या वेळी ट्रकवाल्याशी भांडत होता."

"दोन पोती फोडली," याकूब सवयीने म्हणाला.

"विवरापासून चौकात यायला गाडीने वीस मिनिटं. आठला वर असलेला माणूस साडेआठच्या लिलावाला सहज पोचतो." ती शेखांकडे वळली. "शेख, तुम्ही त्या वेळी घड मोजत होतात. टोकाच्या खसाबवर किती होते?"

"नऊ."

"सोमवारी दुपारपर्यंत नऊच होते. संध्याकाळच्या वाऱ्यात दोन मोडले. मंगळवारी सकाळी जो त्या झाडाखाली उभा राहिला असता त्याच्या पायात ते आले असते. तुम्ही आदल्या दिवशी मोजून ठेवलेत. कारण मंगळवारी सकाळी तुम्हाला दुसरीकडे जायचं होतं."

सगळे शेखांकडे बघत होते, त्यांनी हसून हे उडवून लावावं म्हणून. मीही.

"आणखी एक," ती हळू आवाजात म्हणाली. "उस्तादांनी दहाची वेळ सांगितली तेव्हा माती आठला पडली हे फक्त तुम्हाला ठाऊक होतं. त्या क्षणी नबहान खरा होता हे कळलेला गावातला एकटा माणूस तुम्ही होतात. आणि फौजदारांना तुम्ही सांगितलंत, दोन खुणा."

तरीही शेख बोलेनात. फौजदार अडखळले. दोन घड आणि एक सावली, एवढ्यावर शेख मुहन्नांना हात कोण लावणार? रय्याने माझ्याकडे पाहिलं. बाहेर अंगणात शम्सा उभी होती, तिनेही पाहिलं.

मी उठलो. भिंतीला धरून उभा राहिलो.

"शेखसाहेब," मी म्हणालो, "आज सकाळी वर तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवलात. मी मेलो असंच समजलो. चाळीस वर्षं तुमचा हात माझ्यावर होता, कधी भीती वाटली नव्हती. आज का वाटली, तेवढं या सगळ्यांना सांगा."

शेखांनी डोळे मिटले. उघडले तेव्हा ते एकदम थकलेले दिसले.

"त्यानेच बोलावलं होतं," ते म्हणाले. "म्हणाला, सभेआधी तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी बघा. माती टाकली आणि म्हणाला, आता इथेच बसू, मग खाली जाऊन खलफानला विचारू. मी म्हटलं, एक तास लागतो, मला लिलाव आहे. तो म्हणाला, दोन लागतील मुहन्ना, तुझ्या कंपनीने आठ वर्षांत अर्धा फलज पिऊन टाकला. परवा सगळ्यांना कळेल." त्यांनी आपल्या पंजाकडे पाहिलं. "पुढे तो काहीतरी बोलत होता. मी ऐकलं नाही. तीस वर्षं या गावाने माझ्या शब्दावर डोळे झाकून... मी फक्त त्याला गप्प करायला गेलो. मग खाली आलो आणि घड पुकारले."

"आणि हमूदला जाऊ दिलंत," मी म्हणालो.

"हो. जाऊ दिलं."

फौजदारांनी दाराबाहेर कुणाला तरी सांगितलं, हमूदला आणायला गाडी पाठवा. अंगणात शम्सा धाडकन खाली बसली आणि तीन दिवसांचं रडली.

शेख उठले. दारापाशी थांबून त्यांनी रय्याला विचारलं, "पैसे काढून घ्या, एवढंच मागणार होता ना तो?"

तिने पिशवीतून नबहानचं पत्र काढलं आणि माझ्या हातात दिलं. "उस्ताद, तुम्ही वाचा. त्याचा ठराव शेवटी आहे."

मी वाचलं. "कंपनीतला हिस्सा विकू नये. आपण विकला तर दुसरा घेईल आणि पंप चालूच राहतील. हिस्सा हातात ठेवून आपण मालक म्हणून कंपनीच्या सभेत उभं राहावं आणि आईविहिरीवरच्या तीन कूपनलिका बंद करायला लावाव्यात. आपल्यातर्फे बोलायला शेख मुहन्ना यांना पाठवावं. त्यांच्याशी माझं पटत नाही, पण त्यांचा शब्द खाली पडू देईल असा माणूस या मुलखात नाही. ते उभे राहिले तर फलज वाचेल."

शेखांचा हात दाराच्या चौकटीवर होता.

"परत वाच," ते म्हणाले.

मी परत वाचलं.

"फक्त शेवटची ओळ, खलफान."

मला ती वाचता आली नाही.